अर्धं कुलूप

रविवार, ३ मार्च

वकीलबाईंनी सांगितलंय की या कामाची रोजच्या रोज नोंद ठेवा. ती नोंद ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे आणि तिच्यात फक्त काम आहे. ही वही माझी. इथे मी कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही.

तर काम असं. वकीलबाईंची संस्था घर सोडून आलेल्या बायकांसाठी निवारा चालवते. त्यांना कोर्टात साक्ष द्यावी लागते आणि कोर्टाच्या दारातच नवरा किंवा त्याची माणसं उभी असतात. म्हणून साक्ष निवाऱ्यातूनच व्हिडिओवर व्हावी, न्यायाधीशांना चेहरा नीट दिसावा आणि वाटेत कुणालाही काही दिसू नये. त्यासाठी जाड पुस्तकाएवढी एक पेटी बनवायची: कॅमेरा, माइक आणि आत आमचा प्रोग्रॅम. निवारा कुठे आहे हे मलाही सांगितलेलं नाही. पेटी वकीलबाईंच्या हातात द्यायची, पुढचं त्या बघतील.

कंपनीत आम्ही दोघंच. मी प्रोग्रॅम लिहितो, भागीदार पेटी बनवतो. कॉलेजात तो बंद पडलेल्या रेडिओला कान लावून दुखणं सांगायचा, म्हणून त्याचं नाव डॉक्टर पडलं ते पडलंच. ऑफिस लाँड्रीच्या वरच्या खोलीत आहे. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ येते आणि आमच्या मळक्या शर्टांनासुद्धा धुतल्याचा वास लागतो.

आज सुट्टी होती, पण ताईकडे कॅमेरे बसवायला गेलो. भावोजी गेला महिनाभर मागे लागले होते. हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, जिना. आता ऑफिसात बसून त्यांना फोनवर सगळं घर दिसेल. ताई शिडी धरून उभी होती. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुडता. म्हटलं, चढणार मी आणि घाम तुला. तिने पहिल्यांदाच माझ्या कामात रस घेतला. आवाजपण जातो का, सगळीच जागा दिसते का, एखादा बंद पडला तर काय होतं, असं बरंच विचारलं. मीही फुशारून सांगितलं. फ्रिजचं दार उघडलं की त्यामागचं काही दिसत नाही. एखादा कॅमेरा बंद पडला की भावोजींना लगेच निरोप जातो, पण मेन स्विचच गेला तर इंटरनेटही जातं, मग निरोप पाठवणार कोण? "असं होय," म्हणाली आणि स्क्रू माझ्या हातात दिला.

हुशार आहे ती. पूर्वी मुलांना पोहायला शिकवायची. लग्नानंतर सोडलं, भावोजींना क्लोरीनचा वास सहन होत नाही. संसारात एवढं चालायचंच.

बुधवार, ६ मार्च

पेटी गुदमरते आहे.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं. सगळी पूर्ण पाठवली तर लाइन तुंबेल. म्हणून एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्यांत फक्त बदल. भिंत तीच, खुर्ची तीच, ओठ हलले तर ओठांपुरतंच. आमची चिप एवढं करतानाच दमते. त्यावर जाणाऱ्या प्रत्येक आकड्याला कुलूप लाव म्हटलं की तिला ताप चढतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. मोठी चिप घ्यावी तर पंखा लागतो. डॉक्टरने लावूनही बघितला, तर माइकमध्ये गिरणी चालू असल्यासारखा आवाज.

वकीलबाईंना सांगितलं तर त्यांनी एक अनुभव ऐकवला. अशाच एका साक्षीत चित्र अडखळत होतं. समोरचा वकील म्हणाला, बाई उत्तर देताना थांबतात, कुणीतरी शिकवतंय त्यांना. त्या बाईला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. "निम्मं सांगून झाल्यावर ती उठून गेली," वकीलबाई म्हणाल्या, "आणि घरी परत गेली." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

भावोजींना फोन केला. ते लाइन पुरवणाऱ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, "आमच्या मधल्या सर्व्हरवरून जाऊ दे, मेहुणे. चांगली लाइन देतो." असा माणूस पाठीशी असला की निम्मी चिंता जाते.

मंगळवार, १२ मार्च

सुचलं! सगळ्याला कुलूप कशाला? पूर्ण चित्रांनाच लावायचं. बदल उघडे जाऊ देत. मूळ चित्रच मिळालं नाही तर नुसत्या बदलांवरून कोण काय ओळखणार? घराचं दार बंद असलं तर अंगणाला कुंपण नसलं तरी चालतं. पेटी थंड. ओठ आणि शब्द जोडीने. डॉक्टरने तिला कान लावला आणि म्हणाला, पेशंट झोपलाय.

पहिला फोन भावोजींना. बायको शेजारीच होती. ती औषधाच्या दुकानात काम करते, आज लवकर आली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सगळं त्यांना कशाला सांगतोस? आणि दुसरी लाइन मिळत नाही का?" मी म्हटलं, स्वतःच्या माणसाची लाइन सोडून परक्याची घ्यायची? तिचं आणि भावोजींचं पहिल्यापासून जमत नाही. ती माणसं चटकन नापास करते.

ताईचाही फोन आला. कॅमेरा सुरू कर म्हटलं तर नेटवर्क नाही म्हणाली. जिचा नवरा नेटवर्क विकतो तिच्याच घरी नेटवर्क नाही, म्हणून मी हसलो. ती हसली नाही. आईशी बोलायचं होतं. आई देवळात गेली होती. "बरं, सांग तिला मी फोन केला होता," म्हणाली, आणि थोडा वेळ तशीच लाइनवर राहिली.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी भावोजींचा फोन. ताई बाहेरगावी प्रशिक्षणाला गेली आहे, पोहायला शिकवणाऱ्यांचं काहीतरी आहे, तिथे फोन वापरू देत नाहीत. तुमच्याकडे काही बोलली होती का? नाही म्हटलं. मला आनंदच झाला. म्हणजे क्लोरीनचं भांडण मिटलं.

मग म्हणाले, काल दुपारचं रेकॉर्डिंग मध्येच गायब आहे, कॅमेऱ्यात दोष आहे का? मी इथूनच बघितलं. सगळे कॅमेरे एका क्षणी बंद आणि एका क्षणी सुरू. म्हटलं, कॅमेरे ठणठणीत आहेत, घरातला मेन स्विच कुणीतरी बंद केला असणार. मग म्हणाले, "तू फार कामाचा माणूस आहेस."

आईला वाईट वाटलं. जाण्याआधी भेटून तरी जायचं, म्हणाली. बायको दुपारी जेवलीच नाही. ॲसिडिटी म्हणते.

गुरुवार, २१ मार्च

भावोजी ऑफिसात आले, पहिल्यांदाच. लाँड्रीच्या वाफेवर विनोद केला, डॉक्टरच्या खुर्चीत बसले, पेटी हातात घेऊन फिरवून बघितली. दाढी वाढलेली. ताई नाही तर माणसाची आबाळ होते.

अशा पेट्या कुठेकुठे जाणार, किती जागा आहेत, विचारत होते. मी म्हटलं, मलाच माहीत नाही, वकीलबाई पत्ता सांगत नाहीत. मग गमतीने म्हणालो, "पण सगळं तुमच्याच सर्व्हरवरून जाणार, कुठून येतंय ते तुमच्याकडेच कळेल की." ते हसले. मीही हसलो.

ते गेल्यावर डॉक्टरने खुर्ची पुसली. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "काही नाही. त्याने पेटी बघितली ना, तशी मी चोरीचा माल बघणारी माणसं बघितली आहेत." मला राग आला. आम्ही दुपारचा चहा वेगवेगळा घेतला.

मंगळवार, २६ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहितो.

काल निवाऱ्यातून चाचणी झाली. ज्या बायका साक्ष देणार आहेत त्यांनाच बसवलं, म्हणजे त्यांचाही सराव. किल्ली कोर्टाच्या कारकुनाकडे, त्यामुळे मला फक्त वाटेवरचं, कुलूपबंद चित्र मिळालं. आज मी परका माणूस होऊन ते बघायचं, काही ओळखू येतं का तपासायचं, एवढंच काम होतं.

लावलं. सगळं करडं, चिखल ढवळल्यासारखं. म्हटलं पास. तेवढ्यात त्या चिखलातून काहीतरी वर आलं. बदलांना कुलूप नव्हतं ना. जिथे काही हललं तिथे त्याची कड उमटत गेली. दार उघडल्याची उभी रेघ. मग एका बाईचा आकार. चेहरा नाही, कपडे नाहीत, वय नाही. नुसतं हलणं.

ती खुर्चीपाशी आली. बसण्याआधी पोटरीने खुर्ची मागे ढकलून बघितली. बसली, एक पाय उचलून मांडीखाली घेतला. कुणीतरी काही विचारलं असावं. उत्तर देण्याआधी तिने मान एका बाजूला कलती केली आणि वरच्या बाजूने डोक्यावर तळहात आपटला. हलकेच, दोनदा. कानात पाणी गेलेलं माणूस करतं तसं.

ताई विचार करताना असं करते. तलावावर जायला लागली तेव्हापासून. पाण्यात न जाता करते. बारावीच्या तोंडी परीक्षेत केलं होतं, लग्नाच्या बोलणीत सगळ्यांसमोर केलं होतं आणि आईने डोळे वटारले होते.

मी परत लावलं. परत लावलं. डॉक्टर मागे येऊन उभा राहिला. त्याला एक बाई बसलेली दिसली, बाकी काही नाही. म्हणाला, आकार कळतोय, हे बरं नाही. मी म्हटलं, हो, बरं नाही. आणि जिन्यात जाऊन बसलो. खाली लाँड्रीवाला कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होता. बराच वेळ मी तेच बघत होतो.

पूर्ण बाह्या. फ्रिजच्या दारामागची जागा. मेन स्विच. मी सांगितलं. तिलाही मीच सांगितलं आणि त्यांनाही मीच.

बुधवार, २७ मार्च

सकाळी बायको डबा भरत होती. मी विचारलं, "ताई कुठे आहे ते तुला माहीत आहे?"

तिने चमचा खाली ठेवला. "तुला कसं कळलं?"

म्हणजे माहीत होतं. ती स्टुलावर बसली आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत राहिली. हिवाळ्यात ताई तिच्या दुकानात मुका मार लागल्यावर लावायचं मलम मागायला आली होती. कुणासाठी म्हणून विचारलं तर तिने आधी बाहेर बघितलं आणि मग बाही वर केली. दंडावर बोटं उमटलेली होती. त्यानंतर ती तीन-चारदा आली, दर वेळी डोकेदुखीची गोळी घ्यायच्या निमित्ताने, कारण दुकानाचं बिल घरी दाखवावं लागायचं. संस्थेचा नंबर बायकोनेच शोधला. तिथल्या समुपदेशक बाईंना भेटायलाही तीच गेली, नातं न सांगता, दुकानातली ओळख म्हणून.

"तिथेच त्या म्हणाल्या, आम्हाला पेटी करून देणारा माणूस हवाय. मी तुझं नाव दिलं. तुला काय वाटलं, हे काम कसं मिळालं?"

मला वाटलं होतं, आमची वेबसाइट बघून.

"मला का नाही सांगितलंस?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "तुला दुपारी सांगितलं असतं तर संध्याकाळी त्यांना कळलं असतं. मुद्दाम नाही. बोलता बोलता."

डबा न घेताच निघालो, ती जिन्यापर्यंत घेऊन आली.

गुरुवार, २८ मार्च

वकीलबाईंकडे गेलो. साक्षीदार माझी बहीण आहे, तिचा नवरा माझा भावोजी आहे, आणि ज्या सर्व्हरवरून चाचणी गेली तो त्याच्या हाताखाली आहे. तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. नातं त्यांना माहीत नव्हतं. असतं तर हे काम तुम्हाला दिलंच नसतं, म्हणाल्या. मग माझ्यासमोरच एक फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांना हलवा. आजच. सामान मागून."

भावोजींना कोर्टाची नोटीस वीस तारखेला मिळाली आहे. म्हणजे ऑफिसात येऊन त्यांनी वाफेवर विनोद केला तो नोटीस खिशात घालून.

सुनावणी नऊ तारखेला. पुढे ढकलता येईल का विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, "तोपर्यंत तिचा धीर टिकेल याची हमी देता का तुम्ही? मी देत नाही." तेव्हा ठरलं ते असं. पेटी मी दुरुस्त करायची. कोर्टात मात्र, किल्लीने चित्र उघडणाऱ्या दुसऱ्या पेटीपाशी, डॉक्टर बसेल. मी दालनात पाऊल टाकायचं नाही आणि घरी यातलं अक्षर काढायचं नाही.

सोमवार, १ एप्रिल

आधी कंजूषपणाच करून बघितला. बदलांमध्ये कुठली कड कुठल्या दिशेला सरकली त्याचा आकडा असतो, फक्त त्या दिशेला कुलूप लावलं. काम थोडं, चिप थंड. बघितलं तर माणसाचे तुकडे झाले, हात छताकडे, खांदा भिंतीत. डॉक्टर म्हणाला, झालं. मी म्हटलं, ताईची चाचणी लाव. तुकडे झाले तरी कधी हललं, किती हललं, कुठे हललं ते राहिलंच होतं. डोक्यापाशी दोन झटके. मी पुन्हा ओळखली.

डॉक्टर म्हणाला, तू भाऊ आहेस म्हणून. मी म्हटलं, तो नवरा आहे.

म्हणजे सगळ्यालाच कुलूप. पेटी पुन्हा गुदमरणार. आता चिप मोठी होत नाही, तर चित्र लहान करायला हवं.

बुधवार, ३ एप्रिल

घरी पोचलो तर भावोजी हॉलमध्ये. आईची गुडघ्याची गोळी घेऊन आले होते. आई त्यांच्या ताटात वाढत होती. पोरगी एक फोन करत नाही, जावई मात्र गोळी विसरत नाही, असं तिचं चाललं होतं. बायको ओट्याकडे तोंड करून उभी.

जेवताना म्हणाले, "तुझी लाइन आमच्याकडून काढलीस म्हणे?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. म्हटलं, कोर्टाचा नियम आहे, सरकारी लाइनच लागते. मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. सहज जमलं याचंच नवल वाटलं.

"चाचणी बघितली मी तुझी, सर्व्हरवर पडली होती," ते म्हणाले. "करडा चिखल नुसता. कुणीतरी बाई बसलीय एवढं कळतं. हे काय विकणार तू?"

मी पाणी प्यायलो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. ते कोशिंबीर घेत होते. ज्या बाईला हा माणूस दिवसभर चार कॅमेऱ्यांतून बघत होता, ती समोर हलत होती आणि त्याला कुणीतरी बाई दिसली. की ओळखून मला चाचपत होता? अजूनही सांगता येत नाही.

जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिचा फोन आला तर आधी मला सांगशील ना?" हो म्हटलं. हात बराच वेळ खांद्यावर होता. मग लिफ्टचं दार बंद झालं आणि बायकोने आतून कडी लावली.

शुक्रवार, ५ एप्रिल

कोर्टात कारकुनासमोर परीक्षा. माणूस नाकावरच्या चष्म्यावरून बघणारा, नियमांचा पक्का. मी चित्र खांद्यापर्यंत कापलं होतं, तेवढाच भार कमी. त्याने लगेच अडवलं. साक्षीदाराचे हात दिसले पाहिजेत, कागद वाचत नाही ना, कुणी खुणावत नाही ना, ते कसं कळणार? म्हणून चित्र टेबलापर्यंत वाढवलं. पेटी तापली. मग सेकंदाला पंचवीसची पंधरा चित्रं केली. मागे पांढरी भिंत, म्हणजे बदलही कमी. डॉक्टरने दोन्ही पेट्यांच्या पाठीला पितळी पट्टी जोडली आणि पंख्याशिवाय निभावलं. सगळ्याला कुलूप, एकही आकडा उघडा नाही. हालचाल जरा तुटक दिसते, पण ओठ आणि शब्द बरोबर चालतात.

कारकून म्हणाला, "डोळे दिसायला हवेत. न्यायाधीश डोळे बघतात." डॉक्टर समोर बसला, डोळे मोठे करून. कारकुनाने बराच वेळ बघितलं आणि सही केली.

मग वाटेवरचं चित्र किल्लीशिवाय लावलं. काही नाही. दार नाही, रेघ नाही, कुणी आलं-गेलं नाही. चित्र सुरू आहे की बंद हेही कळेना. इतकं काहीच न दिसणं मी यापूर्वी कधी आनंदाने बघितलं नव्हतं.

मंगळवार, ९ एप्रिल

दालनाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. डॉक्टर आत. भावोजी त्यांच्या वकिलाबरोबर आले. मला बघून थांबले. मी इथे का, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेली ती मला दिसली: पेटी, लाइन, मी. "तू," एवढंच म्हणाले. पुढे आले. बाकाच्या टोकाशी शिपाई होता, तो उभा राहिला. त्यांनी शर्टाची बाही नीट केली आणि आत गेले.

दार बंद. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मला एकच भीती: ओठ आणि शब्द. मध्येच डॉक्टर बाहेर आला तेव्हा मी उभाच राहिलो. कोर्टातल्या पेटीची पट्टी तापलीय, म्हणाला, ओला रुमाल हवाय. मी माझा रुमाल नळाखाली धरून, घट्ट पिळून दिला. रुमाल देताना विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, "बोलतेय." आणि आत गेला.

पुन्हा तेच बंद दार. जेवणाची सुट्टी होऊन गेली. वकीलबाई सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. न्यायाधीशांनी आदेश दिला. भावोजींनी तिच्या जवळ फिरकायचं नाही, फोन नाही, निरोप नाही, माणसं पाठवायची नाहीत. उलटतपासणी बरीच चालली. समोरच्या वकिलाने विचारलं, एवढा त्रास होता तर सख्ख्या भावाला का नाही सांगितलंत? तो तर मार्चमध्ये घरी येऊन गेला.

"काय म्हणाली ती?"

वकीलबाईंनी फाइल बगलेत धरली. "म्हणाली, तो कॅमेरे बसवायला आला होता."

मी भेटू शकतो का विचारलं. तिने सध्या नको सांगितलंय, म्हणाल्या.

बुधवार, १० एप्रिल

आईला सांगितलं. बायको शेजारी बसली होती. मी काही लपवलं नाही, बाहीपासून नोटिशीपर्यंत. संपल्यावर आई उठली, त्या गोळ्यांची पट्टी कपाटातून काढून कचऱ्यात टाकली. मग परत येऊन फोन माझ्यासमोर धरला.

"त्यांचा नंबर काढून टाक यातून. मला काढता येत नाही."

काढला. तिने फोन घेऊन स्वतः यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि मगच पदराने पुसून ठेवला. आज ती गुडघा धरूनच चालत होती. संध्याकाळी बायकोने दुकानातून दुसरी पट्टी आणली.

गुरुवार, १८ एप्रिल

संस्थेने आणखी पेट्या मागितल्या आहेत. डॉक्टर पितळ आणायला गेला होता, मी लवकर घरी आलो. अनोळखी नंबरवरून फोन आला. व्हिडिओ.

ताई. केस कापलेत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कुणाचा तरी मापाला मोठा. मागे पांढरी भिंत. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर तिने हात वर केला.

"आधी एक सांग. तू त्यांना काय काय सांगितलंस? सगळं. तुला लहान वाटेल तेपण."

मी सांगितलं. मेन स्विचचं सांगितलं. लाइनचं. पत्ता तुमच्याकडेच कळेल की, असं हसून म्हणालो तेही सांगितलं. ते सांगताना तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "तुझा फोन आला तर आधी त्यांना सांगीन" असं दारात कबूल केलं होतं, तेपण सांगितलं. मला वाटलं ती फोन ठेवेल. तिने ठेवला नाही. रागावलीही नाही. काही आठवून जुळवत असल्यासारखी बघत होती, मध्येच एखादी तारीख विचारत होती. माफ केलं म्हणाली नाही आणि मीही मागितलं नाही. तिला माझी माफी नको होती, तिला नीट हिशोब हवा होता की कोणत्या वाटेने किती बाहेर गेलं.

माझं संपलं.

"आईला दे," म्हणाली.

आई आतल्या खोलीत दाराआडच उभी होती. फोन तिच्या हातात दिला. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. बायकोने जेवायला बोलावलं तेव्हा म्हटलं, थांब, त्यांचं होऊ दे.